डाव्या हाताचा रफू

ताईचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. वरून लोक चढत-उतरत असायचे आणि खाली ताई डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी कोटाच्या बाहीत डोकं खुपसून बसलेली असायची. पाटीवर एकच शब्द होता, रफू. ती अक्षरं तिच्या धाकट्या भावाने रंगवली होती, तो चांगला होता तेव्हा.

रफूचं काम तसं उफराटंच. शिंप्याने शिवलेला कपडा चारचौघांत मिरवला जातो, सोनाराचा दागिना गळ्यात चमकतो. रफूगाराने जीव ओतला की त्याचं काम नाहीसं होतं. गिऱ्हाईक कोट उजेडात धरतं, इकडून बघतं, तिकडून बघतं आणि विचारतं, "कुठे होतं हो ते भोक?" बस, हीच दाद. यापलीकडची दाद ताईला ठाऊक नव्हती आणि नकोही होती.

आई गेली तेव्हा ताई एकोणीस वर्षांची आणि धाकटा अकराचा. सुई आईचीच, हातही आईचाच. दोघांना जवळ घेऊन आई शिकवायची, तेव्हा गुणगुणायची:

सुईबाई पुढे, धागोबा मागे,
जिथे जिथे फाटे, तिथे तिथे लागे.

धाकटा डावखुरा. आई त्याच्या हातातली सुई उजवीकडे द्यायची, तो ती पुन्हा डावीकडे घ्यायचा. "अगं, राहू दे," आई हसून ताईला म्हणायची, "हा उलट्या दिशेने गावाला पोचेल." पण त्याला सुईत रस नव्हता. तो खेळायला पळायचा आणि ताई सुईपाशी राहायची. पुढे ताईने नुसते कपडेच नाही, घरही असंच रफू केलं. धाकट्याचं शाळेत भांडण झालं की ती परस्पर जाऊन मिटवून यायची. नापास झाला तर सरांना भेटून यायची. त्याला कधी कळलंच नाही की कुठे फाटलं होतं. ताईला वाटायचं, माया म्हणतात ती हीच.

मोठा होऊन तो इमारतींमध्ये लिफ्ट बसवायला लागला. एक दिवस लिफ्टच्या रिकाम्या पोकळीत दोन मजले खाली पडला. जीव वाचला, पाठ मोडली. पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी गोळी दिली. दुखणं हळूहळू ओसरलं, गोळी ओसरेना. आधी एक, मग दोन, मग चिठ्ठी नसलेल्या, मग नावही नसलेल्या. घरातून एकेक वस्तू चालती झाली. ताईने त्या वस्तूंच्या जागी दुसऱ्या आणून ठेवल्या आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नाही. शेवटी एका सकाळी तो न्हाणीघराच्या फरशीवर निळा पडलेला सापडला. तेव्हा मात्र झाकायला काही उरलं नव्हतं.

व्यसनमुक्ती केंद्रात तो तीन महिने राहिला. ताई त्याला न्यायला गेली तेव्हा तिथल्या समुपदेशक बाईंनी तिला समोर बसवलं. बाई बोलायला साध्या, मिठ्ठास नव्हत्या.

"हे बघा, गोळी आता त्याच्या शरीरात नाही. पण मेंदूला चव राहिलेली नाही. इतकी वर्षं गोळीने आयतं गोड भरवलं, आता साखरही फिकी लागते. ऊन पडलं काय, गाणं लागलं काय, त्याला सारखंच. ही चव परत येते, पण हळूहळू. त्याला छोटे छोटे आनंद मिळू द्या. स्वतः कमावलेले. रोज दुपारी तीन ते पाच इथे गटाच्या बैठकीला पाठवा. आणि वाट बघा."

ताईने मान डोलावली. छोटे छोटे आनंद, हे तिने पदराला गाठ मारावी तसं लक्षात ठेवलं. कमावण्याचं काय एवढं? कमवायला मी आहे की, असं तिच्या मनात येऊन गेलं.

धाकटा घरी आला तो नुसता देह आला. दुकानात स्टुलावर बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. ताईने त्याच्या आवडीचं रांधलं, तो जेवला. पानात दगड वाढले असते तरी तसाच जेवला असता. रेडिओ आणला. कुंडी आणली. शेजारच्या लॉन्ड्रीवाल्या मावशींचं मांजरही दोन दिवस उसनं आणलं. मांजर त्याच्या मांडीवर झोपलं आणि त्याचा हात बाजूला तसाच पडून राहिला.

मावशी तोंडाच्या फटकळ. येता-जाता डोकावायच्या. "काय रे, तोंडावर इस्त्री फिरवू का तुझ्या? किती त्या सुरकुत्या."

"फिरवा," तो म्हणायचा. "जरा गरम तरी वाटेल."

मावशी हसायच्या, ताईही हसायची, आणि मावशी गेल्या की दुकानात पुन्हा ती शांतता यायची. ताईला त्या शांततेची भीती वाटे. फाटलेलं असेल तर टाका घालता येतो. हे फाटलेलं नव्हतं. हे विरलेलं होतं. धागा धरायला जावं तर हातात पीठ यावं.

मग एका दुपारी त्याने आपण होऊन सुई उचलली. समोर मुख्याध्यापिका बाईंची करडी शाल होती, तिला निखाऱ्याने पडलेलं बोराएवढं भोक होतं. या बाई निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, पण रस्त्यात त्या दिसल्या की अजून मोठमोठे बाप्ये सिगारेट पाठीमागे लपवत. धाकट्याने शालीच्या काठाच्या दुमडीतून धागा ओढून काढला, जसा आई काढायची, आणि डाव्या हाताने उभ्या धाग्यांतून आडवा धागा घालायला लागला. एक वर, एक खाली. तास गेला. तो भिंतीकडे बघत नव्हता. ताई श्वास रोखून बसली, जणू खिडकीत पाखरू येऊन बसलं होतं.

"जमलं का गं?" त्याने विचारलं.

जमलं नव्हतं. धागा ताणला गेला होता, शालीला चुणी पडली होती, चार हात लांबूनही दिसत होती. पण त्याच्या डोळ्यांत किती दिवसांनी काहीतरी हललं होतं.

"छान झालंय," ताई म्हणाली.

तीन वाजता तो बैठकीला गेला. ताईने दार लोटून घेतलं, शाल मांडीवर घेतली, भावाचा रफू एकेक धागा करून उसवला आणि आपल्या हाताने पुन्हा भरला. पाचच्या आत. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. आयुष्यभर तिने हेच तर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाई आल्या. शाल खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर चढवला, उतरवला.

"कोणी केलंय?"

"धाकट्याने," ताई म्हणाली.

बाईंनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. "दहापैकी नऊ. दहा मी कुणालाच देत नाही."

त्या गेल्यावर धाकटा स्टुलावरून उठला. मग त्याने रेडिओ लावला. ताई पाठमोरी बसून धाग्यांची रिळं लावत होती. एकच रीळ तिने चारदा उचललं आणि चारदा ठेवलं.

पुढचे चार महिने, काय सांगावं, दुकानात जणू माणूस उगवत गेला. धाकटा सकाळी आपण होऊन उठायला लागला. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला, तेव्हा ताईला केवढा आनंद झाला. मावशींच्या मांजराला त्याने नाव ठेवलं, 'साहेब', कारण ते काम करत नसे. गिऱ्हाइकं त्याला विचारत यायला लागली. कोट, स्वेटर, एका म्हाताऱ्याची लग्नातली विजार. तो सकाळभर बसून काम करायचा, तीन वाजता बैठकीला जायचा, आणि तीन ते पाच ताई ते सगळं उसवून पुन्हा करायची. त्याचा हात सुधारत होता का? थोडा. उसवताना तिला कळायचं. कधी कधी एखादी ओळ इतकी सरळ असायची की तिच्या मनात यायचं, आज राहू द्यावं. मग ती चुणी दिसायची. गिऱ्हाईक नाक मुरडेल, तो पुन्हा भिंतीकडे बघायला लागेल, आणि भिंतीकडून गोळीपर्यंत किती अंतर असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. ती उसवायची.

तिला थांबताच येईना. अवघड कामं तो हौसेने घ्यायचा आणि ती तिच्यावर यायची. डोळ्यांतून पाणी गळायचं, मान आखडायची. उद्यापासून नाही, असं ती रोज ठरवायची. दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा बघितला की पुन्हा दुपारची वाट बघायची. भावाला एका गोष्टीची सवय लागली होती आणि ती गोष्ट पुरवणारी तीच होती.

आणि मग एका सकाळी लॉन्ड्रीवाल्या मावशी हातावर पाच-सहा कपडे टाकून आल्या. त्यांच्याकडे धुवायला आलेले, पण रफू इथला. मावशी कपडे उलटे करून इस्त्री करतात, म्हणून शहरातल्या निम्म्या लोकांची आतली बाजू त्यांना पाठ.

"एक कौतुक करायचं होतं बाई," मावशी काउंटरवर कपडे पसरत म्हणाल्या. "तुम्ही दोघं भावंडं कशी हो एकसारखी? मी म्हटलं, सरळ बाजूने ठीक आहे, पण उलट्या बाजूनेही हिचा कुठला नि याचा कुठला, सांगता येईना. टोकंसुद्धा एकाच अंगाला झुकलेली. एका आईचे हात, दुसरं काय."

"असेल," ताई म्हणाली. ती कपडे गोळा करायला लागली.

धाकटा हसत होता. हसत हसतच त्याने वरचा कोट ओढला, बाही उलटी केली. मग दुसरा. मग स्वेटर. मावशी इस्त्रीच्या वायरबद्दल काहीतरी सांगत होत्या, कुणी ऐकत नाही हे कळल्यावर त्या हळूच निघून गेल्या.

"हा कोणी केला?" त्याने विचारलं.

"तू."

"ताई, मी डावखुरा आहे."

ताईने सुई उचलली. समोर कापड नव्हतं.

"डाव्या हाताची टोकं इकडे झुकतात," तो कोटावर बोट ठेवून म्हणाला, शांतपणे, जणू गिऱ्हाइकाला समजावत होता. "ही सगळी तिकडे झुकलीयेत. आणि शाल? मुख्याध्यापिका बाईंची?"

तिने सुई खाली ठेवली.

"एखादा तरी?"

"त्या म्हाताऱ्यांच्या विजारीचा," ताई म्हणाली. "खिशाच्या आतला. तो तुझाच ठेवलाय."

"आतला." त्याने मान हलवली. "बरं केलंस. खिशाच्या आत कोण बघतंय."

"अरे, तू खूश होतास. इतक्या दिवसांनी. मी काय करायला हवं होतं?"

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याच्या चिडण्याला कसं सांभाळायचं ते तिला येत होतं. तो चिडला नाही. त्याने कपड्यांच्या नीट घड्या घातल्या.

"गोळीही हेच करायची गं," तो म्हणाला. "मी काही न करता मला खूश करायची."

तीन वाजले. तो उठला. ताईही उठली. "मी येते सोबत."

"बैठकीला बहिणींना घेत नाहीत."

"दारापर्यंत."

"नको."

ती जिन्याखाली उभी राहून बघत राहिली. कोपऱ्यावर बैठकीला जायचं तर डावीकडे वळायचं. तो उजवीकडे वळला.

चार दिवस तो परतला नाही. त्या चार दिवसांत ताईने काय करायचं बाकी ठेवलं? पुलाखाली बघितलं, बस डेपोच्या मागे बघितलं, औषधांच्या दुकानांत फोटो दाखवला. मावशींनी दुकान बंद करून तिच्याबरोबर पायपीट केली, आणि वाटभर एकच म्हणत राहिल्या, "माझी मेलीची जीभ झडो." ताई म्हणायची, "तुमचं काय चुकलं? तुम्ही कौतुक केलंत." खरंच तर होतं. सबंध प्रकरणात कौतुकापलीकडे कुणी काही केलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती दुकानात बसली आणि एका गिऱ्हाइकाचा कोट मांडीवर घेतला. भोक साधं होतं, कसरीने खाल्लेलं. ती त्याच्याकडे बघत बसली. वीस वर्षांत पहिल्यांदा तिला कळेना की पहिला धागा कुठून उचलायचा. संध्याकाळ झाली, उजेड गेला, तेव्हा तिने तो कोट तसाच दुमडून ठेवला.

पाचव्या दिवशी सकाळी केंद्रातून फोन आला. समुपदेशक बाई होत्या. "तुमचा भाऊ इथे आहे. वाईट अवस्थेत आला, पण स्वतःच्या पायांनी आला. कुणी आणला नाही." मग थोडं थांबून, "तीन आठवडे भेटायला येऊ नका."

"कपडे आणून देऊ का? त्याला पाठीखाली उशी लागते."

"नको."

"मी नुसती फाटकापाशी…"

"नको," बाई म्हणाल्या. आणि मग जरा मऊ आवाजात, "त्याने सांगितलं मला रफूचं. मी त्या दिवशी 'स्वतः कमावलेले' म्हटलं होतं. मी तो शब्द नीट समजावून सांगायला हवा होता."

ताई फोन ठेवून बसली. तो शब्द तिने ऐकला होता. तो तिने आपल्या वाटणीचा समजून उचलून घेतला होता, लहानपणापासून घरातली सगळी जड ओझी उचलली तसा.

तीन आठवड्यांनी गुरुवारी ती गेली. भेटीची खोली म्हणजे एक लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाकं, वर जाळीच्या खिडक्या. धाकटा आधीच येऊन बसला होता. गालफडं आत गेलेली, ओठ फुटलेले. त्याच्यापुढे केंद्राची एक घोंगडी होती, मधोमध वीतभर फाटलेली. त्याच्या शेजारी एक सेविका पत्र्याचा छोटा डबा घेऊन बसली होती.

"इथे सुई मिळत नाही," तो म्हणाला. "फक्त भेटीच्या तासात, आणि यांच्यासमोर. मोजून द्यायची, मोजून घ्यायची. मागच्या दोन गुरुवारी भेटीला कुणी नव्हतं तरी मी मागून घेतली."

त्याने घोंगडी तिच्याकडे सरकवली. फाटलेल्या जागेचा चौथा हिस्सा त्याने भरला होता. ताईने हात पुढे केला आणि मागे घेतला.

"बघ," तो म्हणाला. "बघायला हरकत नाही. आणि खरं सांग."

ताईने बघितलं. तिच्या जिभेवर 'छान झालंय' तयारच होतं, ते तिने गिळलं.

"वाईट झालंय," ती म्हणाली.

"किती?"

"ताण जास्त आहे. इथे दोन धागे सोडलेस. हा कोपरा तर नुसता गुंता आहे, हा मी गिऱ्हाइकाला दिला तर तो माझ्या तोंडावर मारेल." ती घोंगडीवर वाकली. "या दोन ओळी सरळ आहेत. या चांगल्या आहेत. या खरंच चांगल्या आहेत, बघ, मी उगीच म्हणत नाही."

"कुठल्या?"

तिने बोट न टेकवता दाखवल्या. त्याने मान वाकवून त्या दोन ओळी बघितल्या. पुष्कळ वेळ बघितल्या. चेहऱ्यावर काही उजाडलं नाही. फक्त तो बघत राहिला. मग तो गुंत्याचा कोपरा उसवायला लागला, स्वतःच, आणि उसवताना चांगल्या ओळींपैकी एक ओळ ओढली जाऊन निम्मी निघून आली.

ताईचा हात पुढे गेला. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

उसवून झाल्यावर त्याने नवा धागा घेतला. त्याचा हात थरथरत होता, गोळी सोडल्यावर थरथरतो तसा. धागा सुईच्या नेढ्याच्या अलीकडून गेला. मग पलीकडून. त्याने टोक ओलं केलं, पुन्हा धरलं, पुन्हा चुकलं. ताईला तो एका खेपेत ओवता आला असता. डोळे मिटूनसुद्धा. सेविकेने तिच्याकडे बघितलं, जणू म्हणत होती, द्या की बाई ओवून. ताई खिडकीच्या जाळीकडे बघायला लागली. जाळीत चौकोन होते, आडवे अकरा, उभे नऊ. ती ते पुन्हा पुन्हा मोजत राहिली. तिच्या कानांवर त्याचा श्वास येत होता, आणि मधूनच ओठांवर धागा ओला करण्याचा बारीक आवाज.

"पाच मिनिटं राहिली," सेविका म्हणाली.

पुन्हा धागा ओला केल्याचा आवाज आला. अकरा, नऊ. अकरा, नऊ.

बेल वाजली तेव्हा ताईने मान वळवली. धागा ओवला गेला नव्हता. सेविकेने हात पुढे केला, त्याने सुई तिच्या तळहातावर ठेवली, डब्याचं झाकण लागलं. त्याच्या चिमटीत तेवढा धागा उरला. तो त्याने फेकला नाही, बोटाला गुंडाळून घेतला.

"पुढच्या गुरुवारी येऊ का?" ताईने विचारलं.

त्याने खांदे उडवले. "मी असलो तर."

"म्हणजे?"

"म्हणजे असलो तर, ताई. मला माहीत नाही. तुला पाहिजे म्हणून हो म्हणू का?"

"नको," ताई म्हणाली.

तो घोंगडी काखेत मारून आतल्या दाराकडे गेला. दार बंद झालं. ताई बाकावर तशीच बसून होती, हात मांड्यांखाली, बधिर झालेले. सेविकेने येऊन सांगितलं की खोली बंद करायची आहे, तेव्हा ती उठली. हातांना मुंग्या आल्या होत्या. फाटकाबाहेर रस्त्याला ऊन होतं, माणसं आपापल्या वाटेने चालली होती, आणि पुढच्या गुरुवारला सात दिवस होते. ते सातही दिवस त्याचे होते, तिला त्यांतल्या एकालाही हात लावता येणार नव्हता.